आधी ठ आणि ढ, मग क आणि स

नवीन वर्ष लागलं की ‘यंदा पन्नास पुस्तकं’ असे संकल्प सोडले जातात आणि होळीच्या आसपास गुपचूप गुंडाळलेही जातात. आकड्यानं किती वाचायचं ते कळतं, काय वाचायचं ते कळत नाही. मग हाताला लागेल ते वाचलं जातं, आणि हाताला लागतात ते आपले ठरलेले चार-पाच लेखक. पु. ल. आवडणारा पुन्हा पु. लं.कडेच वळतो, ऐतिहासिक कादंबऱ्यांचा वाचक ‘स्वामी’वरून ‘श्रीमान योगी’वर आणि तिथून ‘छावा’वर जातो. यात वाईट काहीच नाही. पण वीस वर्षं नेमानं वाचूनही उद्धव शेळक्यांचं एक पान किंवा शंकर पाटलांची कादंबरी वाट्याला आली नाही, असं व्हायला नको असेल तर निवडीची सूत्रं थोडा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावी लागतात.

ती मुळाक्षरांच्या हाती द्यावीत, असं मी सुचवेन. प्रत्येक अक्षराला एक पुस्तक, ज्याचं नाव त्या अक्षरानं सुरू होतं असं, आणि सगळी अक्षरं एका वर्षात. खेळ एवढाच. अक्षराला लेखकाचं आडनाव ठाऊक नसतं, जिल्हा ठाऊक नसतो, कुठल्या व्हॉट्सॲप गटात कोणत्या पुस्तकाची चलती आहे तेही ठाऊक नसतं. त्यामुळे ते कुठं नेऊन सोडेल याचा नेम नाही. उदाहरणादाखल ‘उ’ घ्या. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ आणि नंदा खरे यांचं ‘उद्या’ ही तिन्ही पुस्तकं या एका अक्षराखाली येतात. तिन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, अनुक्रमे १९८१, १९८८ आणि २०२० साली. खऱ्यांनी तो नाकारला. पहिलं कैकाडी समाजात वाढलेल्या मुलाचं आत्मकथन, दुसरं चोरीचा शिक्का कपाळी घेऊनच जन्मणाऱ्या जमातीचं, तिसरं येऊ घातलेल्या काळात माणसावर कशी पाळत राहील ते सांगणारी कादंबरी. कुणी विचार करून यादी केली असती तर ही तीन पुस्तकं शेजारीशेजारी ठेवली असती का?

हिशेब

इंग्रजीत हा खेळ सोपा आहे. सव्वीस अक्षरं, बावन्न आठवडे, पंधरवड्याला एक पुस्तक. मराठीत आधी बसून अक्षरं मोजावी लागतात आणि तिथंच बऱ्याच जणांचा उत्साह मावळतो. म्हणून हे काम इथंच उरकून टाकू.

ऱ्हस्व-दीर्घ स्वरांच्या जोड्या करा: अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. या पाच. ‘ऋ’ स्वतंत्र ठेवा, कारण त्यासाठी फार चांगलं पुस्तक हजर आहे. ‘अं’ वेगळा धरू नका. नंदा खऱ्यांची ‘अंताजीची बखर’ ‘अ’खालीच जाईल. व्यंजनांतून ‘ङ’ आणि ‘ञ’ सोडून द्या, त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. ‘ष’ला ‘श’मध्ये मिळवा. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मात्र ठेवा. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनीही शब्द सुरू होत नाहीत, पण मराठी माणसानं ‘ळ’ला वगळायचं म्हणजे फारच झालं. त्यांच्यासाठी सवलत अशी की अक्षर नावात कुठंही चालेल. ‘ण’ला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ किंवा डॉ. श्रीराम लागूंचं ‘लमाण’. ‘ळ’ला ‘शाळा’, ‘पाचोळा’, ‘गोतावळा’, ‘बटाट्याची चाळ’, हवं ते.

सगळी मिळून एकोणचाळीस होतात. म्हणजे महिन्याला तीन, आणि वर्षभरात कुठं तरी तीन जास्तीची; ती मे महिन्यात किंवा दिवाळीनंतर भरून निघतात. दिवसाला पंचवीस-तीस पानं वाचणाऱ्याला हे जमण्यासारखं आहे, कारण मराठीत दीडशे-दोनशे पानांची उत्तम पुस्तकं भरपूर आहेत, आणि नाटक तर एका संध्याकाळी वाचून होतं. ज्यांना एवढाही वेळ नाही त्यांनी दोन वर्षांत विभागावं: पहिल्या वर्षी ‘अ’ ते ‘ण’, दुसऱ्या वर्षी ‘त’ ते ‘ज्ञ’. दमछाक करून पुरं करण्यात काही मिळत नाही.

बाकीचे नियम आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलं की आपण स्वतःच्याच बाजूनं निकाल देतो. जोडाक्षराचं पहिलं अक्षर धरायचं, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’ ‘स’मध्ये, ‘श्यामची आई’ ‘श’मध्ये, ‘त्रिधा राधा’सारखी कविता ‘त’मध्ये. ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ तेवढे वेगळे. ‘ॲ’, ‘ऑ’ आले तर आपापल्या जवळच्या स्वरात. नावानं काहीच सापडेना तर लेखकाच्या आडनावाची मदत घ्यायची, पण अशी मदत पाच-सहा अक्षरांपुरतीच. संतांना आडनाव नाही, तिथं नाव धरायचं. पूर्वी वाचलेलं पुस्तक चालणार नाही. अपवाद ‘ण’ आणि ‘ळ’, ती दोन घरं फेरवाचनासाठी मोकळी.

अनुवाद चालतील, फक्त बेतानं. पाचात एकापेक्षा जास्त नकोत, नाही तर मराठी वाचनाचं वर्ष बघताबघता पाश्चात्त्य थरारकथांचं वर्ष होऊन बसतं. ‘ख’ अडला तर गिरीश कार्नाडांचं आत्मचरित्र ‘खेळता खेळता आयुष्य’ आहे, उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधून आणलेलं. ते मी अनुवादाच्या खात्यावर आनंदानं खर्च करीन.

आणखी एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: एका लेखकाची दोनपेक्षा जास्त पुस्तकं नकोत. हा का, ते उदाहरणानंच कळेल. भालचंद्र नेमाड्यांच्या चांगदेव चतुष्टयात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ अशा चार कादंबऱ्या आहेत. ब, ह, ज, झ, चार अक्षरं खलास! आनंद यादवांच्या आत्मकथनाचे भाग ‘झोंबी’, ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’. म्हणजे झ, न, घ, क. मोह होतोच. दोन लेखकांत वर्षाचा पाचवा हिस्सा उरकतो. दोघेही मोठे लेखक आहेत आणि चारही भाग सलग वाचण्यात वेगळा आनंद आहे, तो कधी तरी जरूर घ्यावा. पण या वर्षाचा हेतू अनोळखी दारं ठोठावण्याचा आहे. ‘झ’च्या घरात ‘झोंबी’ बसवलंत की विश्वास पाटलांचं धरणग्रस्तांवरचं ‘झाडाझडती’ आणि जोगतिणींच्या आयुष्यावरचं उत्तम बंडू तुपे यांचं ‘झुलवा’ बाहेर राहतं, हे ध्यानात ठेवून निवड करा.

अवघड अक्षरं आधी

बहुतेक जण ‘अ’पासून सुरुवात करतात आणि मला वाटतं तिथंच घोटाळा होतो. ‘अ’, ‘क’, ‘म’, ‘स’ या अक्षरांची पुस्तकं घराघरात असतात. ती पहिल्या तीन महिन्यांत संपवली की पुढं ठ, ढ, थ, ओ, क्ष अशी ओळीनं अडचणीची अक्षरं उरतात आणि तोवर उत्साहही उतरलेला असतो. क्रम मोडा. जानेवारीत वा पाडव्याला, केव्हाही सुरू कराल तेव्हा पहिल्या तिमाहीत सगळी अवघड अक्षरं घ्या. सोपी अक्षरं वर्षअखेरीस आपोआप भरतात, वाढदिवसाला मिळालेलं पुस्तक, प्रवासात उचललेलं पुस्तक यांना तेव्हा जागाही लागते.

अवघड अक्षरांसाठी काही वाटा सांगतो.

‘ठ’ला नावानं फारसं काही सापडत नाही. टोपणनावाचा आधार घ्या. ‘ललित’ मासिक १९६४ साली सुरू झालं आणि त्यात ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरातून ‘ठणठणपाळ’ मराठी साहित्यिकांची यथेच्छ टवाळी करत असे. हा ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी. ‘चक्र’सारखी झोपडपट्टीतली काळीकुट्ट कादंबरी लिहिणारा माणूस आणि हा खट्याळ सदरलेखक एकच, हे कळल्यावर दळवी नव्यानं वाचावेसे वाटतात. टोपणनाव चालत नसेल तर प्रबोधनकार ठाकऱ्यांचं ‘माझी जीवनगाथा’ आहे.

‘ढ’ म्हटल्यावर दोन आडनावं समोर येतात आणि दोन्ही भारी: ढसाळ आणि ढेरे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’ १९७२चा. कविता न वाचणाऱ्यानंही एकदा हातात घ्यावा असा, मात्र सोपा जाईल या आशेवर घेऊ नये. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा दहा दिवसांत उरकण्याचा ग्रंथ नव्हे. पण आषाढीच्या आसपास तो हाती घेतलात तर ज्या देवाच्या वारीच्या बातम्या रोज वाचतो, त्याच्याविषयी आपल्याला किती थोडं माहीत होतं ते पानोपानी कळतं.

‘थ’साठी अनिल बर्वे यांचं ‘थँक यू मिस्टर ग्लाड’. तुरुंगात एक नक्षलवादी कैदी आणि एक कडक जेलर. छोटंसं पुस्तक, एका बैठकीत होतं. ‘ड’साठी श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचं ‘डोह’. कृष्णाकाठच्या बालपणाचे ललितलेख, १९६५चे. हे मात्र एका बैठकीत वाचायची घाई करू नका; रोज एक लेख पुरे. ‘ओ’साठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘ओॲसिसच्या शोधात’. ‘क्ष’साठी शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’. ती मिळवायला जरा पायपीट करावी लागेल, कारण दुकानात समोर मांडलेली सापडणारी ही कादंबरी नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे धरण्याची हौस असेल तर ‘ऊ’साठी ऊर्मिला पवार किंवा प्रभाकर ऊर्ध्वरेषे. ऊर्ध्वरेष्यांच्या ‘हरवलेले दिवस’ या आत्मकथनाला १९८९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. आज ते नाव किती जणांना आठवतं?

‘ऋ’ आणि ‘ज्ञ’ ही दोन अक्षरं मी वेगळी काढीन, कारण त्यांना दहा दिवसांचा हिशेब लावूच नये. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये (१९५६) चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर लेख आहे. हे पुस्तक सलग वाचलं तर सहाव्या महिन्यापर्यंत फुलांची नावं एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचा, आणि मग बाहेर पडून खात्री करा. दुर्गाबाई ज्या झाडाबद्दल लिहितात ते आपल्या रस्त्यावर आहे का, त्याला आत्ता पालवी आहे की शेंगा? शहरात राहणाऱ्यालाही एखादा पांगारा, एखादी सावर सापडतेच. अशा रीतीनं ‘ऋ’चं घर भरायला पूर्ण वर्ष लागतं आणि ते तसंच भरावं.

‘ज्ञ’ म्हणजे ज्ञानेश्वरी, हे न सांगताच कळतं. पण नऊ हजारांवर ओव्या पाहून माणूस दबकतो. सगळी वाचायची गरज नाही. बारावा अध्याय भक्तियोगाचा, त्यात ओव्या २४७. सार्थ प्रत घ्या, रोज दहा ओव्या आधी मोठ्यानं म्हणा, मग अर्थ पाहा, मग पुन्हा ओव्या वाचा. पंचवीस दिवसांत अध्याय होतो. अर्थ आधी वाचला की ओवी नुसती पडताळून पाहिली जाते, तेव्हा हा क्रम उलटा करू नका.

सोप्या अक्षरांतही थोडी चलाखी करता येते. ‘य’ म्हटल्यावर सगळे ‘ययाति’ म्हणतात. ती वाचलेली असेल तर बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ शोधा. १८५७ साली, विधवांच्या दशेवर लिहिलेली ही कथा मराठी कादंबरीच्या अगदी उंबरठ्यावरची आहे. ‘ग’ला ‘गारंबीचा बापू’ जरूर, पण त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचलात तर बलुतेदारी म्हणजे नेमकं काय, कुणाला किती पेंढ्या आणि कशाबद्दल, हे कळतं. त्यानंतर ग्रामीण कादंबऱ्या वेगळ्याच उघडतात. ‘इ’ला हमीद दलवाईंची ‘इंधन’, कोकणातल्या गावातल्या मुसलमान घरातून पाहिलेलं कोकण. ‘ट’ला ‘टारफुला’. शंकर पाटील म्हटल्यावर आपल्याला आठवतात त्या खुसखुशीत कथा. ही कादंबरी मात्र गावचा पाटील गेल्यावर गावात सत्तेची जी पोकळी होते तिच्याविषयी आहे, आणि तिच्यात हसू फार थोडं आहे.

‘ध’ला ‘धग’ घ्या असं मी आग्रहानं सांगीन, आणि त्याबरोबर एक सूचनाही. उद्धव शेळक्यांची ही कादंबरी १९६०ची. तिच्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात. पुण्या-मुंबईच्या किंवा कोल्हापूरच्या वाचकाला पहिली वीस-पंचवीस पानं अडखळायला होतं आणि पुस्तक बाजूला पडतं. तिथं संवाद मोठ्यानं वाचा. डोळ्यांना अडणारं क्रियापद कानाला लगेच कळतं. एकदा कौतिकचा आवाज कानात बसला की तिच्या संसाराची होरपळ पाहताना बोलीकडे लक्षही जात नाही. हाच उपाय ‘झोंबी’, ‘बारोमास’, ‘तणकट’ या पुस्तकांनाही लागू. पुस्तक सोडून देण्याची मर्यादाही मी याच हिशेबानं ठेवीन: प्रमाण मराठीतल्या पुस्तकाला तीस पानं, बोलीतल्या पुस्तकाला पन्नास. तेवढी देऊनही मन लागलं नाही तर पुस्तक परत करा, त्याच अक्षराचं दुसरं आणा. कर्तव्य म्हणून रेटलेलं पुस्तक लक्षात राहत नाही, त्याचा राग मात्र राहतो.

पुस्तकं आणायची कुठून

एकोणचाळीस पुस्तकं विकत घ्यायची ठरवलीत तर खिशाचं काय होईल ते सांगायला नको. हे वर्ष वाचनालयाच्या जिवावर काढायचं असतं, आणि त्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघालं आणि मुंबईचं १८९८ साली. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाचा उगम १८३२चा. तालुक्याच्या गावातही शे-सव्वाशे वर्षांचं एखादं वाचनालय असतंच, ग्रंथपालांना दोन महिने पगार उशिरा मिळाला तरी ते वेळेवर उघडतं.

देवघेवीच्या खिडकीशी उभं राहून ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला नव्यानं आलेलं पुस्तक मिळतं. ‘ढ’वरून काही आहे का, असं विचारून पाहा. ग्रंथपाल आधी तुमच्याकडे बघतात, मग हसतात आणि मग स्वतःच उठून मांडणीकडे जातात. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न ऐकणाऱ्या माणसाला हा प्रश्न आवडतो. जिथं मांडण्यांपर्यंत जायची मुभा आहे तिथं स्वतः फिरा आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. लोकप्रिय कादंबरीच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के उमटलेले असतात, चिठ्ठी भरून वर दुसरी डकवलेली असते. शेजारच्याच पुस्तकावर तीन शिक्के, त्यातला शेवटचा जांभळा आणि पुसट, आणि मधली काही पानं छापखान्यातून आली तशीच, कडेनं न फाडलेली. या वर्षात अशी पुस्तकं मुद्दाम हेरावीत. शिवाय जुन्या पुस्तकांना मागणी आली नाही की ती एक दिवस बाद होतात. तुमच्या नावाची एक नोंद त्यांना आणखी काही वर्षं मांडणीवर ठेवू शकते.

नावं सुचत नसतील तर मोठ्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ मागा. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची ही नोंद १९४४ साली प्रसिद्ध झाली. पुढचा भाग १९५०पर्यंत येतो. एका माणसानं आयुष्य घालून केलेलं हे काम चाळण्यातच एक दुपार जाते. जुनी, हक्कमुक्त पुस्तकं जालावर वाचता येतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांना खुलं होतं, त्यामुळे ह. ना. आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांच्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक प्रकाशनंही त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफांना मात्र हात लावू नका. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कैक वर्षं लागतात. त्यातल्या पन्नास प्रती आपण बुडवायच्या आणि वर ‘हल्ली मराठीत काही चांगलं येत नाही’ म्हणायचं, हे शोभत नाही.

रद्दीची दुकानं, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, मुंबईत फोर्ट आणि माटुंग्याचे पदपथ ही शोधाची आणखी ठिकाणं. पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेतलं भिलार चुकवू नका. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे. घरांच्या ओसऱ्यांवर विषयवार पुस्तकं मांडलेली असतात आणि बसून वाचायला कुणी मनाई करत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी आपल्या गावच्या महाराष्ट्र मंडळाचं कपाट आधी उघडावं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेच्या पेट्याही परदेशातल्या काही गावांत पोचल्या आहेत. उरलेली अक्षरं श्राव्य पुस्तकांनी भरा. माझ्या मते बोलीतलं पुस्तक चांगल्या वाचकाच्या तोंडून ऐकलं तर ते वाचण्याइतकंच, कधी जास्तच, पावतं. कवितेला मात्र पान समोर हवं.

वर्षाची आखणी

घरच्या कॅलेंडरवर अक्षरं लिहा, तारखा लिहू नका. तारीख चुकली की अपराधी वाटतं आणि वही कपाटात जाते. महिन्याच्या चौकटीत तीन अक्षरं पुरेत. शिक्षकांनी मार्च हलका ठेवावा, दुकानदारांनी दिवाळीचा महिना. मे महिन्यात जाडजूड काही घ्या, श्री. ना. पेंडशांची दोन खंडांची ‘तुंबाडचे खोत’ वाचायला कोकणातल्या सुट्टीसारखी दुसरी संधी नाही.

दिवाळीत दिवाळी अंक येतात आणि वेळापत्रक कोलमडतं. ‘मनोरंजन’नं १९०९ साली सुरू केलेली ही परंपरा मराठी वाचकाच्या रक्तात आहे, तिच्याशी भांडू नका. एका अंकाला एका अक्षराचा मान द्या. ‘मौज’ म्हणजे ‘म’, ‘हंस’ म्हणजे ‘ह’. ‘ऋतुरंग’ घेतलात तर ‘ऋ’सुद्धा. अट एकच: अंक पूर्ण वाचायचा, ज्योतिष सोडून.

वहीत प्रत्येक अक्षराला एक पान द्या. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, पहिल्या आवृत्तीचं वर्ष, कुठून मिळालं, आणि तीन-चार ओळी. सारांश लिहू नका, तो मलपृष्ठावर असतोच. त्यातला एखादा शब्द लिहा जो पूर्वी माहीत नव्हता, एखादं माणूस जे पुस्तक मिटल्यावरही डोक्यातून जाईना. आवडलं नसेल तर का, तेही स्पष्ट लिहा. वही कुणी तपासणार नाही.

सहा महिने झाले की ती पानं उलटून एक बेरीज करा. किती पुस्तकं बायकांनी लिहिलेली? १९६०च्या आधीची किती? विदर्भ, मराठवाडा, खानदेश, गोवा यांतली किती? अक्षर तटस्थ असलं तरी आपला हात नसतो. एकाच अक्षराच्या तीन पुस्तकांतून आपण नकळत ओळखीचंच उचलत असतो. बेरीज एका बाजूला कलली असेल तर उरलेल्या अक्षरांत तोल सावरता येतो. ‘र’ शिल्लक असेल तर शांता गोखल्यांची ‘रीटा वेलिणकर’. ‘ब’ असेल तर कविता महाजनांची ‘ब्र’. ‘भ’ असेल तर आशा बगे यांची ‘भूमी’. ‘त’ शिल्लक असेल तर महाबळेश्वर सैल यांची ‘तांडव’ पोर्तुगिजांच्या काळातल्या गोव्यात नेईल. ‘आ’ उरला असेल तर सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ बहुतेकांनी वाचलेलं असतं; ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ घ्या.

घरात शाळकरी मूल असेल तर त्याचा वेगळा तक्ता करा, आपल्या तक्त्यात त्याला ओढू नका. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि जुने अंक जालावर खुले आहेत. मुलानं अक्षरागणिक एक गोष्ट शोधून वाचली तरी पुष्कळ झालं. ‘ञ’वरून काहीच सापडत नाही म्हणून ते भांडायला आलं, तर दोन दिवस त्यालाच शोधू द्या.

डिसेंबरात चार-पाच घरं रिकामी राहिली तर ती पातळ पुस्तकांनी घाईनं भरू नका, पुढच्या वर्षात न्या. आणि पुढच्या वर्षी पुन्हा करायचं असेल तर पुस्तकाचं नाव बाजूला ठेवून लेखकांच्या आडनावांनी करा. तिथं ‘ढ’ आणि ‘ठ’ चटकन भरतात. ‘ऋ’ मात्र अडून बसतो, तेव्हा त्याच्याच शोधापासून सुरुवात करा.